पट्टीबाईंचा गोल

पालिकेच्या बांधकाम खात्यात त्यांना सगळे पट्टीबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. पाठीमागे कुजबुजायची भानगडच नव्हती. रुमाल विसरतील, घराची किल्ली विसरतील, पण पर्समधली स्टीलची पट्टी विसरतील तर शपथ. दुकानात कपाट बघायला गेल्या की आधी पट्टी बाहेर. एकदा डॉक्टरांनी कागदावर 'जखम दोन सेंटिमीटर' असं लिहिलं, तर हात पुढे धरून 'एक पॉइंट सात आहे' असं त्यांना सुनावून आल्या. आता अशा बाईला दुसरं काय नाव पडणार?

काम आरेखकाचं. म्हणजे असं, की साहेबांनी हवेत हात फिरवून 'इथे दार, इथे जिना' म्हणायचं, आणि त्या हवेतल्या जिन्याला पट्टीबाईंनी पायऱ्या मोजून द्यायच्या. एकतीस वर्षं हेच. चौदा शाळांची स्वच्छतागृहं, दोन दवाखाने, अग्निशमन केंद्र, बसथांबे तर किती ते त्यांनाही ठाऊक नाही. खात्यात संगणक येऊनही बरीच वर्षं झाली होती, पण खिडकीजवळचा शेवटचा लाकडी ड्रॉइंग बोर्ड त्यांनी सोडला नव्हता. त्यांचं अक्षर असं, की छापलंय की लिहिलंय यावर पैजा लागत.

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. तिच्यात मंजुरी देणाऱ्यांचं पूर्ण नाव, तपासणाऱ्यांचं पूर्ण नाव, इंजिनियरांचं पूर्ण नाव, सह्या, शिक्के, सगळा थाट. सगळ्यात खाली, काडेपेटीच्या कडेएवढ्या जागेत, 'आरेखन'. तिथे दोन आद्याक्षरं लिहायची आणि गप्प बसायचं. पट्टीबाई कधी कुरकुरल्या नाहीत. 'मला नाव नको, मला रेघ सरळ पाहिजे,' असं म्हणायच्या. पण ते काही पूर्ण खरं नव्हतं हो.

खात्यात एक जुनी पद्धत होती. नकाशात कोणाची चूक निघाली की ती दुरुस्ती वहीत लाल शाईने चढायची, चूक करणाऱ्याच्या पूर्ण नावासकट. आणि ज्या आरेखकाचं नाव त्या वहीत एकदाही चढलं नाही, त्याच्या निवृत्तीच्या दिवशी त्याच्या ड्रॉइंग बोर्डावर पितळी पाटी ठोकायची. पूर्ण नावाची. इतक्या वर्षांत अशी एकच पाटी लागली होती, ज्यांनी पट्टीबाईंना पेन धरायला शिकवलं त्या थोरल्या आरेखकांची. त्यांचा बोर्ड आता अडगळीच्या खोलीत होता, पण पट्टीबाई दर सोमवारी तिथे जाऊन ती पाटी फडक्याने लख्ख पुसून यायच्या. दुसरी पाटी आपली. निवृत्तीला आठ महिने उरले होते आणि वहीत नाव नव्हतं. तोंडाने त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, पण पाटीवर कोणत्या वळणाचं अक्षर असावं हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

अशात ते छापखान्याचं काम आलं.

जुन्या शहराच्या अगदी पोटात, जिथे गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं, तिथे एक छापखाना बंद पडून होता. पालिकेने तिथे युवा केंद्र करायचं ठरवलं. साहेब वयाने तरुण, स्वभावाने बरे, पण कायम घाईत. ते म्हणाले, "बाई, आसपासची पोरं तिथे घुसून नाचतात. हिपहॉप की काय ते. एक हॉल करा, एक स्टेज, शंभर खुर्च्या. संपला विषय."

पट्टीबाई रविवारी गेल्या. मापं घ्यायला त्या नेहमी सुट्टीच्याच दिवशी जात. माणसं नसली म्हणजे टेप मध्ये अडकत नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नियम. धूळ, रद्दीचे ढीग, तुटकी खिडकी. टेप लावला, आकडे घेतले, चार दिवसांत नकाशा तयार. स्टेज पूर्वेला, खुर्च्या रांगेत, रांगा जमिनीला बोल्टने पक्क्या, म्हणजे कोणी हलवायला नको.

घरी त्यांनी तो नकाशा नवऱ्यासमोर पसरला. नवरा शिंपी. पुढच्या खोलीतच मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून त्याने विचारलं, "यात पोरं कुठायत?"

"पोरं कशी दिसतील? नकाशा आहे तो!"

"तसं नाही गं. पोरं तिथे करतात काय, बघितलंस का?"

"मी रविवारी गेले होते."

"म्हणजे रिकाम्या खोलीचं माप घेतलंस." त्याने परत टाचण्या ओठांत धरल्या आणि त्यातूनच बोलला, "मी हँगरचं माप घेऊन कोट शिवला असता, तर आपण दोघं कधीच उपाशी मेलो असतो."

पट्टीबाईंना असा राग आला म्हणता! रात्रभर बोलल्या नाहीत. पण राग येतो तो बहुतेक वेळा बोलणं बरोबर असतं म्हणूनच. दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर त्या सरळ छापखान्यात गेल्या.

दारातच कान बधिर झाले. वीसेक पोरंपोरी गोल करून उभी, कोपऱ्यात एकाने स्पीकर लावलेला, आणि गोलाच्या मध्ये एक मुलगी डोक्यावर. अहो खरंच डोक्यावर! पाय वर, हात मोकळे, आणि गरागरा फिरतेय.  पट्टीबाई ओरडल्या, "अगं ए! मान मोडेल!"

गाणं थांबलं. मुलगी सावकाश खाली आली, उठली, टोपी झटकली. सतरा-अठरा वर्षांची, किडकिडीत. दिवसा औषधाच्या दुकानात काम करायची, हे पुढे कळलं. सगळे तिला भोवरी म्हणत.

"काकू, मान काही मोडली नाही," ती म्हणाली, "पण तुमचे बूट आमच्या गोलात आलेत. गोलात आलं की काहीतरी करून दाखवावं लागतं."

"मी पालिकेकडून आले आहे."

"मग तर दाखवावंच लागेल." पोरं खो खो हसली.

पट्टीबाईंनी एक पाऊल मागे घेतलं, पर्समधून नकाशा काढला आणि जमिनीवर पसरला. कागद दिसला की त्यांना धीर येतो. पोरं भोवती उकिडवी बसली. भोवरीने बोट ठेवलं, "हे काय?"

"स्टेज."

"कशाला?"

"तुम्ही वर नाचणार, लोक खाली बसून बघणार."

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग भोवरी शांतपणे म्हणाली, "काकू, आमच्यात बघणारे आणि नाचणारे वेगळे नसतात. आत्ता टाळ्या वाजवणारा पुढच्या मिनिटाला मध्ये येतो. त्याला स्टेजवर चढवून ठेवलं तर येणार कसा?"

"आणि या खुर्च्या बोल्टने बसवल्यात?" दुसरा एक जण म्हणाला. बोटांना रंग, पँटला रंग, कानाच्या पाळीलासुद्धा रंग. भिंतींवर मोठमोठी अक्षरं काढणारा, म्हणून नाव शाई. "काकू, हे तुरुंगाचं तर नाही ना आणलं चुकून?"

दुसरं कोणी बोललं असतं तर पट्टीबाईंनी त्याला उभा आडवा सोलला असता. पण शाईने बोलता बोलता नकाशावरची अक्षरं जवळून बघितली आणि त्याचा आवाजच बदलला. "हे हाताने लिहिलंय? प्रत्येक 'क' सारखा आहे. ए, बघा रे, प्रत्येक 'क' सारखा आहे!" मग सगळी पोरं 'क' शोधायला लागली. एकतीस वर्षांत त्यांचं अक्षर कोणी असं गुडघे टेकून वाचलं नव्हतं. त्यांनी नुसतं 'हं' केलं, पण कान लाल झाले.

त्या दिवसापासून दीड महिना पट्टीबाई रोज संध्याकाळी तिथे. टेप पोरांमध्ये अडकायचा, पोरं टेपमध्ये अडकायची. दहा जण उभे राहिले तर गोल केवढा, तीस उभे राहिले तर केवढा, मागच्या रांगेला पुढच्यांच्या डोक्यावरून दिसायला पायरी किती उंच हवी, सगळं मोजलं. भोवरीचे पाय फिरताना कुठवर जातात ते खडूने आखलं. रॅप करणाऱ्यांचा आवाज रस्त्यावर जाऊन शेजाऱ्यांची भांडणं व्हायची, तर मागच्या कागदकोठीच्या भिंती हातभर जाड निघाल्या. रेकॉर्डिंगची खोली तिथे. गल्लीकडची खिडकी खाली गुडघ्यापर्यंत आणायची, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या आया आपली पोरं करतात काय ते उभ्या राहून बघतील आणि निम्म्या शंका तिथेच मिटतील. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, आणि बाहेर दिवा. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चौदा शाळांची स्वच्छतागृहं आखलेल्या बाईला ते सांगायची गरजच नव्हती.

आणि एक भिंत मोकळी. शाई म्हणाला, "आमच्यात नाव लिहायचं असतं, काकू. मोठं. सगळ्यांना दिसेल असं. तुम्ही कुठे लिहिता?"

पट्टीबाईंनी कोपऱ्यातली काडेपेटीच्या कडेएवढी जागा दाखवली. शाईने वाकून बघितलं. मग म्हणाला, "एवढं सगळं काढलं तुम्ही, आणि दोन अक्षरं?"

"आमच्यात असंच असतं," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलला.

मागणी पोरांनी एकच केली होती, जमिनीची. हॉलच्या मध्यभागी रद्दीच्या ढिगाखाली लाकडी ठोकळ्यांची जमीन होती. छपाईची शिशाची अक्षरं हातातून पडली तर बोथट होऊ नयेत म्हणून जुन्या लोकांनी मुद्दाम लाकूड घातलेलं. माणसांच्या पायांनी आणि गाड्यांच्या चाकांनी ते लोण्यासारखं गुळगुळीत झालं होतं. "आम्ही या छपराखाली येतो ते हिच्यासाठी," भोवरी म्हणाली होती. "बाहेर सिमेंटवर माझा खांदा दोनदा निखळला. ही जमीन पडलं तर सांभाळून घेते. बाकी तुम्ही काहीही तोडा."

"हात लावणार नाही," पट्टीबाई म्हणाल्या. "माझा शब्द."

नवा नकाशा बघून साहेबसुद्धा खुर्चीत सरळ बसले. "बाई, हे तुम्ही केलंत?" असं विचारून लगेच वाईट वाटून म्हणाले, "म्हणजे, तुम्हीच करणार म्हणा." मंजुरी मिळाली, ठेकेदार ठरला, काम सुरू झालं. पट्टीबाई कचेरीत ताठ चालू लागल्या. आधीही ताठच चालायच्या, पण आता शिपायालाही फरक दिसायला लागला.

काम सुरू झाल्याच्या तिसऱ्या दिवशी त्या सहज डोकावल्या. दारात असतानाच आवाज आला, लाकडात लोखंड घुसल्याचा. दोन मजूर पहारी घेऊन जमिनीवर बसले होते आणि ठोकळे उचकटून कोपऱ्यात फेकत होते.

"थांबा!" पट्टीबाई अशा गरजल्या की एकाच्या हातून पहार पडली. "कोणी सांगितलं तुम्हाला? ठेकेदार कुठाय? बोलवा त्याला, आत्ताच्या आत्ता!"

ठेकेदार वयस्कर माणूस होता, तोंडातून कधी वावगा शब्द न काढणारा. त्यांनी त्याला चांगलं धारेवर धरलं. मंजूर नकाशा बघता येत नाही का, डोळे आहेत की बटणं, पोरांच्या जिवावर उठलात काय, जे तोंडाला येईल ते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग नकाशाची घडी उलगडली आणि डाव्या बाजूच्या सूचनांवर बोट ठेवलं.

'सूचना सात. अस्तित्वातील जमीन पूर्ण काढून नवीन टाइल्स बसवणे.'

अक्षर छापल्यासारखं, आणि प्रत्येक 'क' सारखा.

पट्टीबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. काय झालं ते त्यांना त्या क्षणी कळलं. नकाशाच्या डाव्या बाजूला बारा सूचना असतात, जुन्या इमारतींच्या सगळ्या कामांना त्याच. त्यांच्याकडे त्या सूचनांचा एक जुना कागद होता. ट्रेसिंग पेपरखाली तो सरकवायचा आणि वरून गिरवायचा. वीस वर्षं गिरवत होत्या. हात चालायचा आणि डोकं दुसरीकडे असायचं. त्या दिवशीही डोकं गोलाच्या पायऱ्यांत होतं, आणि जो हात शब्द देऊन आला होता त्याच हाताने सूचना सात गिरवली होती, सुंदर अक्षरात.

"बाई," ठेकेदार म्हणाला, "मी कागदावर चालतो. दुसरा कागद आणा, मी थांबतो. पण माणसं बसवून ठेवता येत नाहीत मला. उद्या दहा वाजता पुन्हा पहार लावणार."

साहेबांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. मग नियमांचं पुस्तक काढलं. नियम साधा होता. वापरणाऱ्यांच्या मागणीवरून नकाशात बदल करायचा असेल तर समितीची मंजुरी लागते, आणि समिती बसणार पुढच्या महिन्यात. पण आरेखकाची चूक असेल तर तिथल्या तिथे, साहेबांच्या एका सहीने दुरुस्ती होते. फक्त ती दुरुस्ती वहीत चढवावी लागते, आरेखकाच्या पूर्ण नावाने.

 पुस्तक मिटून साहेब म्हणाले, "चार महिने राहिलेत तुमचे. पाटीचं मला माहीत नाही असं समजू नका. सगळ्या खात्याला माहीत आहे. कशाला डाग लावून घेताय? घालू द्या टाइल्स. पोरं काय, कुठेही नाचतात."

"साहेब, टाइल्सवर एकदा डोक्यावर उभं राहून बघा."

साहेब हसले, पण त्या हसल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांपुढे अडगळीच्या खोलीतली ती पाटी होती, आणि तिच्या शेजारची, अजून न झालेली, दुसरी. एकतीस वर्षं. बाकी काय मागितलं होतं त्यांनी? बढतीच्या यादीतून दोनदा नाव गळलं तेव्हा हूं की चूं केलं नाही. एक पितळेचा तुकडा, तेवढाच. त्यांना स्वतःचाच राग आला. त्याच रागात त्या फटकन म्हणाल्या, "वही द्या इकडे."

साहेबांनी स्वतः उठून वही आणली. लाल पेन त्यांना सापडेना, तर पट्टीबाईंनी आपल्या पर्समधलं काढलं. दुसऱ्यांच्या चुका दाखवायला ते कायम जवळ असायचं. 'चुकीचे स्वरूप: सूचना सात न वाचता गिरवली.' 'चूक कोणाची:' तिथे त्यांनी नाव लिहिलं, मधलं नाव लिहिलं, आडनाव लिहिलं. पट्टी लावून, ओळीत, सावकाश. घाईने लिहायचं नाव नव्हतं ते. साहेबांनी सही केली आणि वही मिटायच्या आधी थोडा वेळ तशीच उघडी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पावणेदहालाच त्या दुरुस्तीचा कागद घेऊन छापखान्यात हजर. ठेकेदाराने तो वाचला, पहारी गाडीत ठेवायला लावल्या आणि आदल्या दिवशीच्या शिव्या विसरून पट्टीबाईंसाठी स्टूल पुसून दिलं. उचकटलेले ठोकळे त्रेचाळीस निघाले. संध्याकाळी पोरं आली, तेव्हा पट्टीबाई खाली बसून एकेका ठोकळ्याची झीज शेजारच्या ठोकळ्याशी जुळवत होत्या.

भोवरीने विचारलं, "काकू, हे कोणी काढलं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं असतं तर कोण अडवणार होतं? "मी," त्या म्हणाल्या. "माझ्या कागदाने. शब्द दिला होता आणि विसरले. आता उगाच बघत बसू नका, तो कोपऱ्यातला आखूड ठोकळा द्या इकडे."

 भोवरी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली. त्रेचाळीस ठोकळे बसवायला तीन संध्याकाळी लागल्या. वहीचं आणि पाटीचं पट्टीबाई पोरांपुढे बोलल्या नाहीत. घरी मात्र सांगून बसल्या होत्या, आणि नवऱ्याला शिवणकामासाठी ओळखत नाही असं त्या भागात कोणी नव्हतं, आणि त्याच्या पोटात तर गोष्ट एक दिवस राहत नाही. चौथ्या दिवशी शाईला सगळं ठाऊक झालेलं होतं.

निवृत्तीचा दिवस सरळ गेला. फुलं मिळाली, साहेब चांगलं बोलले, बोर्ड पाटीविना अडगळीच्या खोलीत गेला. पट्टीबाईंनी जाताना थोरल्या आरेखकांची पाटी एकदा पुसली आणि फडकं तिथेच ठेवून आल्या.

त्यानंतर आठ दिवसांनी केंद्र उघडलं. दाराशी संगमरवरी फलक होता आणि त्यावर अकरा जणांची नावं. पट्टीबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पाचव्या ओळीत अक्षरांमधलं अंतर चुकलंय." नवरा स्वतः शिवलेला नवा कोट घालून आला होता. तो म्हणाला, "चल आत, नाहीतर पट्टी काढशील."

आत पाहुण्यांची भाषणं संपली, पाहुणे गेले, आणि मग खरा कार्यक्रम सुरू झाला. पायऱ्या भरल्या होत्या. गल्लीकडच्या खिडकीबाहेर बाया मुलांना कडेवर घेऊन उभ्या. गोल झाला तो बरोब्बर पट्टीबाईंनी आखला तेवढाच, ना फूटभर जास्त, ना फूटभर कमी. आणि भोवरी त्या लाकडावर अशी फिरली, अशी फिरली, की पट्टीबाईंनी नवऱ्याच्या नव्या कोटाची बाही मुठीत चुरगाळून टाकली. या वेळी त्या 'मान मोडेल' म्हणाल्या नाहीत. 'अजून, अजून' म्हणत होत्या.

मोकळ्या भिंतीवर नावं लिहायला सुरुवात झाली. नियम पोरांचाच होता. जो गोलात उतरला त्याचंच नाव भिंतीवर, मग तो कोणी का असेना. भोवरी पट्टीबाईंसमोर येऊन उभी राहिली. "काकू, चला."

"वेड लागलंय का? गुडघे बघ माझे."

"मध्यावरची जागा मोकळी ठेवलीय तुमच्यासाठी. पण फुकट नाही देणार. नियम आहे."

पट्टीबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जा की. नियमाची बाई ना तू? गुडघ्याला मी तेल लावून देईन."

सगळी पोरं टाळ्यांचा ठेका धरू लागली. पट्टीबाईंनी बूट काढले, चष्मा घट्ट केला आणि गोलात उतरल्या. मध्ये उभ्या राहून हात पुढे केला. "खडू."

शाईने खडू दिला. त्या खाली बसल्या, डावा गुडघा जमिनीवर रोवला, उजवा हात लांब करून खडू टेकवला आणि उजव्या पायाने स्वतःला रेटत फिरू लागल्या. सावकाश. कंपासचं टोक आपण आणि पेन्सिलही आपणच. टाळ्यांचा ठेकाही त्यांच्याबरोबर सावकाश झाला. पाव गोल झाला, अर्धा झाला. गुडघा ठणकायला लागला, कपाळावर घाम आला. भोवरीने आपल्या पाठीने घासून घासून आणखी तुळतुळीत केलेलं ते लाकूड त्यांना अडवत नव्हतं, पुढे सरकवत होतं. शेवटी रेघेचं टोक जिथून निघालं तिथे येऊन मिळालं.

टाळ्या थांबल्या. शाईने टेप घेतला आणि उभा लावला, मग आडवा लावला. आकडे वाचून त्याने वर बघितलं.

"किती?" पट्टीबाईंनी धाप लागलेली असताना विचारलं.

"सहा मिलिमीटरचा फरक आहे."

"गुडघा सरकला," त्या म्हणाल्या.

आणि मग जो आरडाओरडा झाला! पायऱ्यांवरचे उठून उभे राहिले, खिडकीतल्या बायांनी टाळ्या पिटल्या, भोवरीने त्यांना हाताला धरून उठवलं ते सोडेचना. नवऱ्याने घाईघाईने डोळे पुसले आणि कोटावर काहीतरी पडल्यासारखा कोट झटकायला लागला.

भिंतीच्या मध्यावर खरंच जागा मोकळी होती. चांगली दोन हात रुंद. शाईने रंगाचा फवारा पुढे केला, तो त्यांनी परत दिला आणि ब्रश मागितला. नाव लिहिलं. मधलं नाव लिहिलं. आडनाव लिहिलं. एकेक अक्षर वीतभर उंच, काळं कुळकुळीत, वळण तेच, जे त्यांनी पितळेसाठी ठरवून ठेवलं होतं. खाली, अगदी बारीक, काडेपेटीच्या कडेएवढं, 'आरेखन' असं लिहिलं.

पोरं पुढे सरकून वाचू लागली. इतके दिवस काकू काकू म्हणत होती, पण नाव कोणाला ठाऊकच नव्हतं. भोवरीने ते मोठ्याने वाचलं, एकदा आणि परत एकदा.

नवरा दोन पावलं मागे गेला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "उजवीकडे जरा खाली गेलंय का गं?"

पट्टीबाईंनी पर्स उघडली, पट्टी काढली आणि अक्षरांखाली लावली. नाव सरळ होतं.